आरशातला उतार

“किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या वरच्या थरातील सध्याची तापमानवाढ ही एका नैसर्गिक दीर्घ आवर्तनाची शिखरावस्था असून, पुढील वर्षापासून पाण्याचे तापमान क्रमाक्रमाने उतरू लागेल. सबब, कालवांची शेती खोल पाण्यात हलवण्याची आवश्यकता नाही.”

समुद्र संशोधन केंद्राच्या अहवालात हे विधान पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, चौकटीत बसवले होते. चौकटीतल्या वाक्यांना एक सवलत मिळते: वाचणारा त्यांना वाचण्याआधीच मान देऊन मोकळा होतो. तरीही ते वाचायचेच ठरवले, तर काय हाती लागते ते पाहू. ‘नैसर्गिक’ हा शब्द निर्दोष मुक्ततेचा आहे. तो उच्चारला की कोणाकडेच बोट दाखवता येत नाही. ‘आवर्तन’ म्हणजे गेलेले परत येईल अशी हमी. परंतु ज्याचा एक फेरा पुरा व्हायला चार दशके लागतात आणि ज्याची मोजमापे जेमतेम दोन फेऱ्यांची आहेत, त्याला आवर्तन म्हणणे म्हणजे दोनदा जेवून गेलेल्या पाहुण्याला घरचा माणूस ठरवण्यासारखे आहे. ‘शिखरावस्था’ ओळखायला आधी थोडे उतरून मागे वळून पाहावे लागते. जो अजून चढतो आहे त्याला ते शिखर आहे की नुसता टप्पा, हे कळण्याचा मार्ग नाही. राहिले ‘पुढील वर्षापासून’. त्या दोन शब्दांसाठीच ही गोष्ट सांगावी लागते आहे.

यातले काहीही धाकटीला पहिल्या वाचनात सुचले नाही. पहिल्या वाचनात तिने पेनाचे टोपण काढले. कारण ते वाक्य थोरलीचे होते.

थोरली म्हणजे तिची सख्खी बहीण आणि संशोधन केंद्राची प्रमुख. आई गेली तेव्हा धाकटी परकर सावरत शाळेत जात होती; पुढचे सगळे थोरलीने पाहिले, वेण्यांपासून पदवीपर्यंत. धाकटी आता महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होती. केंद्राचा प्रत्येक मोठा अहवाल तिच्याकडे येई, ती शेवटच्या पानावर ‘गणिती पद्धत स्वतंत्रपणे पडताळली’ असे लिहून सही करी, आणि दोघी चहा पीत. या वेळी थोरली अहवाल घेऊन स्वतःच आली होती, तीही घरी नाही, तर पाण्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये. धाकटीचा नवरा तिथे कालवे निवडत बसलेला असे. दाढीमुळे सारा किनारा त्याला बुवा म्हणे.

“काय बुवा, काय म्हणताहेत तुमची कालवं?” थोरलीने उलटी ठेवलेली टोपली ओढून बैठक मारली.

“तोंड उघडून बसलीत, ताई,” बुवा म्हणाला. त्याच्या पायाशी रिकाम्या शिंपल्यांचा ढीग होता. “जिवंत कालव तोंड मिटून असतं. गेलं की उघडतं. आमच्याकडे मेलेलीच तेवढी बोलतात.”

“मग आमच्या केंद्रासारखंच की. जिवंत आहेत ते सगळे तोंड मिटून.”

बुवा हसला. गेल्या उन्हाळ्यात त्याची अर्धी शेती अशीच तोंड उघडून गेली होती. तरी तो हसला, कारण थोरलीसमोर तो नेहमीच हसे. मेहुणीचा त्याला धाक होता आणि अभिमानही.

“एक विचारू का, ताई? मागच्या वर्षीही तुम्ही ‘पुढच्या वर्षापासून’ म्हणाला होतात.”

“समुद्र आहे, बुवा. वेळापत्रकावर चालणारी गाडी नाही. थोडं मागंपुढं व्हायचंच.”

“तसं नाही, शनिवारी कालववाल्यांच्या संघाची बैठक आहे ना. सगळ्यांना सांगायचंय मला. हलवायचं तर आत्ता थंडीतच हलवायला हवं. एकदा पाणी तापलं की कालव हात लावला तरी मरतं.”

“म्हणून तर लेखी आणलंय.” थोरलीने अहवाल धाकटीच्या मांडीवर ठेवला. “घे. सही कर आणि मोकळी हो.”

“वाचते तरी. नाहीतर लोक म्हणतील, बहिणीनं बहिणीची पाठ खाजवली.”

“म्हणू देत. पाठ कुणाला खाजत नाही?”

पेनाचे टोपण काढले ते त्याच वेळी. मग धाकटीने ते परत लावले. संशय मनाला शिवलाही नव्हता. सही करण्याआधी ‘स्वतंत्रपणे पडताळली’ हे शब्द लिहायचे होते, आणि समोर रिकाम्या शिंपल्यांचा ढीग असताना, काही न पडताळता ते लिहिणे तिला उगाच ओशाळवाणे वाटले. “उद्या देते,” ती म्हणाली. थोरलीने क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि बुवाकडे चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तास संपल्यावर, धाकटी महाविद्यालयातल्या आपल्या खोलीत केंद्राचे आकडे घेऊन बसली. खोली म्हणजे दोन कपाटांच्या मधली जागा. पंखा फिरताना एका विशिष्ट जागी खाकरत असे. पाण्याच्या वरच्या शंभर मीटरचे वर्षागणिक तापमान तिच्यासमोर होते: सुरुवातीला जहाजांवरून बादल्या सोडून मोजलेले, मग दोरीला बांधलेल्या उपकरणांनी, मग पाण्यावर तरंगत नांगरलेल्या बोयावरून. अशा वेड्यावाकड्या आकड्यांतून संथ लय शोधायची तर आधी त्यातली सावकाश होणारी वाढ वजा करतात, मग उरलेल्यावर सरकती सरासरी फिरवतात. म्हणजे प्रत्येक वर्षाला त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांत मिसळून गुळगुळीत करतात. धाकटी हेच दर वर्षी मुलांना शिकवत असे. तिने ते केले, आणि पडद्यावर थोरलीची लाट उमटली. डौलदार, दोन उंचवट्यांची. तिला बरे वाटले.

पण मुलांना शिकवताना ती आणखी एक गोष्ट करायला लावत असे, आणि हात सवयीने तिकडे गेला. तिने वर्षांचा क्रम पत्त्यांसारखा पिसला. कोणते वर्ष कोणाच्या मागे याला आता काही अर्थ उरला नव्हता. समुद्राची सारी स्मृती पुसली गेली होती. त्यावर तीच वजाबाकी, तीच सरासरी. लाट आली. उंचवटे थोडे सरकलेले, पण लांबी जवळपास तीच. तिने पुन्हा पिसले. लाट. तिने महाविद्यालयाच्या निकालांची जुनी टक्केवारी घातली, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तीर्ण होण्यालाही एक दीर्घ सागरी आवर्तन असल्याचे सिद्ध झाले.

धाकटी हसली नाही. आपलेच काही चुकले असावे असे धरून तिने सगळे पहिल्यापासून तपासले. चुकले काहीच नव्हते. ती लाट समुद्राची नव्हती, चाळणीची होती. एका मापाची भोके असलेली चाळणी कशावरही धरली तरी एकाच मापाचे दाणे पडणार. आणि खरी गोष्ट, ती सावकाश आणि न थांबता होणारी वाढ, पहिल्याच पायरीवर वजा होऊन गेली होती. रोग्याचा ताप आधी बाजूला काढून ठेवायचा, मग नाडी पाहून प्रकृती खाली-वर होते आहे इतकेच सांगायचे, असा तो प्रकार होता.

इथवर ती एक चूक होती. मोठ्या विद्वानांच्या हातून झालेली, सन्माननीय, छापील चूक. धाकटीला धक्का बसला होता, पण तो सोसण्याजोगा होता. शास्त्रात असे होते. भली भली माणसे चाळणीला समुद्र समजून बसतात.

मग तिची नजर अहवालातल्या आलेखावर गेली. आजच्या वर्षापाशी एक उभी रेघ होती. रेघेच्या डावीकडे सलग लाट, उजवीकडे तुटक रेषेने दाखवलेला उतार, आणि त्याच्याखाली शब्द: ‘अंदाज’. डावीकडच्या चढावर, रेघेच्या थोडे अलीकडे, एक बारीकशी खळी होती. ती तिच्या ओळखीची होती. त्या वर्षी बोयाचा दोर तुटून तो वाहून गेला होता आणि हिवाळाभर बंदराच्या भिंतीवरून घेतलेल्या नोंदींवर भागवले होते. तिथले पाणी थंड, म्हणून वर्ष थंड. थोरलीने त्या वर्षी घरी येऊन बोयाला लाखोली वाहिली होती.

उजवीकडच्या उतारावरही, रेघेपासून तितक्याच अंतरावर, तशीच खळी होती.

धाकटी बराच वेळ त्या खळीकडे पाहत राहिली. येणाऱ्या वर्षांतही बोयाचा दोर तुटणार आहे, हे केंद्राला कसे कळले असावे? पंखा खाकरला. तिने पान अहवालातून सोडवले, उभ्या रेघेवर बरोबर दुमडले आणि खिडकीपाशी धरले. दोन्ही बाजूंच्या लाटा एकमेकींवर बसल्या. खळीवर खळी. केसाचेही अंतर नाही.

ती खिडकीच्या कठड्यावरच टेकली.

या धंद्यात एक तडजोड असते आणि ती सगळ्यांना ठाऊक असते. सरासरीला प्रत्येक वर्षाच्या दोन्हीकडचे शेजारी लागतात. शेवटच्या वर्षाला पुढचा शेजारी नसतो, कारण तो अजून जन्मलेला नसतो. मग वेळ मारून नेण्यासाठी आकड्यांच्या टोकाला आरसा लावतात: मागची वर्षे उलट्या क्रमाने पुढे मांडतात, हिशेब उरकतात, आणि आरशातला भाग कोणाला दाखवण्याआधी कापून टाकतात. तुटका पाय भिंतीकडे करून ठेवलेल्या खुर्चीसारखी ही सोय आहे. तिच्यावर पाहुण्याला बसवायचे नसते. थोरलीने तो भाग कापला नव्हता. त्याला तुटक रेषा दिली होती, ‘अंदाज’ हे नाव दिले होते, आणि तिच्यावर सगळा किनारा बसवला होता. येणारा उतार म्हणजे नुकत्याच झालेल्या चढाचे प्रतिबिंब होते.

एक शेवटची गोष्ट पाहायची राहिली होती, आणि ती पाहू नये असे धाकटीला मनापासून वाटत होते. तिने शेवटचे वर्ष काढून टाकले आणि हिशेब पुन्हा केला. शिखर एक वर्ष मागे सरकले, उतार ‘पुढील वर्षापासून’. आणखी एक वर्ष काढले. शिखर आणखी मागे, उतार पुढील वर्षापासून. आरसा जिथे लावाल तिथे शिखर. हा समुद्र दर वर्षी पुढच्या वर्षापासून थंड होणार होता, आणि एकदाही झाला नव्हता. थोरलीने गेल्या वर्षी शेडमध्ये बसून जे सांगितले, ते याच आरशातून.

त्या शब्दावर बुवाने दारोदार जाऊन सगळ्यांना थांबवले होते.

सकाळी ती केंद्रात गेली. थोरलीच्या खोलीत काचेमागे जुनी उपकरणे मांडून ठेवली होती, पितळ चकचकीत पुसलेले. धाकटीने दुमडलेले पान टेबलावर ठेवले.

थोरलीने ते उलगडून हाताने सपाट केले. “पान फाडलंस होय अहवालाचं? शाळेत असताना तरी पुस्तकं नीट ठेवायचीस.”

“ताई, आरसा कापायचा राहिलाय.”

“हं.”

“उजवीकडचं सगळं खोटं आहे. म्हणजे खोटं नाही, मागचंच आहे. उलटं.”

“आरसा सगळेच लावतात. तुझ्या पुस्तकातही आहे.”

“लावतात, पण छापत नाहीत ना गं. आणि छापून वर अंदाज म्हणत नाहीत.” धाकटीचा आवाज चढला, तिने तो खाली आणला. “कुणाकडून तरी राहून गेलं असेल. तुझ्याकडच्या मुलांनी आलेख काढला असेल. हो ना?”

थोरलीने चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिली. “असेल,” ती म्हणाली. “बघते.”

“शनिवारच्या आधी?”

“बघते म्हटलं ना. तू घरी बोललीस का काही?”

“बुवाला? नाही. तूच सांगावंस म्हणून थांबलेय. तुझ्या तोंडून गेलं तर बरं.”

“शहाणी आहेस,” थोरली म्हणाली.

धाकटी बाहेर पडली ती जवळजवळ हलक्या मनाने. राहून गेले, बस्स. एवढ्या मोठ्या कामात एखादी कात्री चालवायची राहते. स्वतःची अशी समजूत काढायला तिला त्या दोन दिवसांत किती कष्ट पडले हे तिचे तिलाच ठाऊक; बुवा जेवताना ताईंच्या अहवालाचे गुणगान करत असे आणि ती घास चावत असे.

शनिवारी संघाचे सभागृह भरले होते. ओल्या बुटांचा आणि मचूळ पाण्याचा वास, खिडक्यांतून सरळ आत येणारे ऊन, प्रत्येकाच्या हातात केंद्राने वाटलेली अहवालाची प्रत. संघाचे अध्यक्ष तरुणपणी पाणबुडे होते. एका कानाने कमी ऐकू येई म्हणून ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे रोखून पाहत, आणि नवखे त्याने गडबडून जात. सभेचे ध्वनिमुद्रण करणारे यंत्र त्यांच्यासमोर टेबलावर होते.

थोरली बोलायला उभी राहिली. धाकटी मागच्या रांगेत, कात्री चाललेला आलेख पडद्यावर येण्याची वाट पाहत होती.

पडद्यावर तोच आलेख आला. तीच रेघ, तीच तुटक रेषा, तीच खळी.

“पुढच्या वर्षापासून उतार सुरू होईल,” थोरली सांगत होती. शिकवताना लागायचा तोच स्वच्छ, धीर देणारा आवाज. “एवढा उन्हाळा कळ काढा. आणि हे सगळं आमच्या प्राध्यापकबाईंनी, म्हणजे तुमच्या बुवांच्या मंडळींनी, स्वतंत्रपणे तपासलेलं आहे.”

माना वळल्या. पुढच्या रांगेतून बुवाने मागे पाहिले आणि अभिमानाने हसला.

 कोणीतरी भर रस्त्यात आपल्या नावाने दुसऱ्याच बाईला हाक मारावी, तसे ते वाक्य धाकटीला ऐकू आले. ती उभी राहिली तेव्हा काय बोलायचे ते ठरलेले नव्हते.

“मी सही केलेली नाही,” ती म्हणाली.

सभागृहात कुजबुज झाली. बुवाचे हसू अर्ध्यावर थांबले. थोरली शांतपणे म्हणाली, “सही राहिलीय. तपासणी झालीय.”

“हो, झालीय. म्हणूनच सही राहिलीय.” धाकटीने आपली प्रत वर धरली. “आलेखाचं पान काढा. मधे उभी रेघ आहे ना? त्या रेघेवर बरोबर दुमडा. आणि खिडकीकडे धरा.”

“आता हस्तकला शिकवणार का बाई?” कोणीतरी म्हणाले. दोघे-तिघे हसले. मग कागदांची सळसळ झाली, आणि हात एकेक करून उन्हाकडे उचलले गेले. सळसळ थांबली. काही वेळ कोणीच हात खाली घेतला नाही.

“हे तर एकच आहे,” खिडकीपाशी बसलेली एक म्हातारी मालकीण म्हणाली. तिचे मागचे दोन उन्हाळे वाया गेले होते. “इकडचं तिकडं केलंय फक्त.”

“ही खळी दिसतेय ना, मावशी, ती बोया तुटला त्या वर्षाची आहे,” धाकटी म्हणाली. “पुढच्या काळातही ती आहे, कारण पुढचा काळ ह्यात नाहीच. मागची वर्षं आरशात दाखवलीत.”

“म्हणजे आमचीच गेलेली वर्षं उलटी करून आम्हाला दिलीत होय?”

हे म्हातारी थोरलीकडे पाहून म्हणाली. 

“आणि थंड?” अध्यक्षांनी धाकटीच्या तोंडाकडे रोखून पाहत विचारले. “पाणी थंड कधी होणार?”

“ह्या आकड्यांत तरी कुठंही थंड होत नाही. चढतंच आहे.”

बुवा अजून पान उन्हात धरून बसला होता. त्याने ते उघडले, पुन्हा दुमडले, पुन्हा पाहिले, जणू एखाद वेळी तरी दोन्ही बाजू चुकतील. मग तो उठला, आणि थोरलीकडे न पाहता, सभागृहाकडे तोंड करून म्हणाला, “मागच्या वर्षी थांबा म्हणून तुमच्या घरी मी आलो होतो. प्रत्येकाच्या.” एवढेच. खाली बसताना त्याने खुर्ची चाचपून पाहिली.

अध्यक्षांनी मत घेतले. खोल पाण्यात हलवायचे म्हणून हात वर झाले. सगळ्यांचे झाले, बुवाचा सगळ्यांत शेवटी. थंडी निम्मी सरली होती. जेवढे साधेल तेवढे उद्यापासून हलवायचे, आधी म्हातारीचे, असे ठरले. उरलेली कालवे जिथे आहेत तिथेच उन्हाळा काढणार होती, म्हणजे बहुधा काढणार नव्हती.

थोरली अजून उभी होती. ती निघून जाईल असे सगळ्यांना वाटले होते, कदाचित तिलाही. धाकटीला मात्र अजून एक आशा होती, आणि तिची तिला स्वतःलाच लाज वाटत होती: ताईने आता म्हणावे, राहून गेले. त्या एका शब्दावर तिने पुढचे सगळे आयुष्य निभावून नेले असते.

अध्यक्षांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र थोरलीपुढे सरकवले आणि तिच्या तोंडाकडे पाहत विचारले, “बाई, हे तुम्हाला ठाऊक होतं का?”

थोरलीने जे उत्तर दिले ते त्या मुद्रणातून, एकही शब्द न बदलता, असे:

“होतं. आलेख काढला त्याच दिवशी मी तो दुमडून पाहिला होता. वरून विचारलं होतं, पाणी थंड कधी होणार. होणार नाही, असं मी लिहून दिलं, ते परत आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा परत आलं. तिसऱ्यांदा मी आरसा राहू दिला, तेव्हा मात्र अभिनंदनाचा फोन आला. मग दर वर्षी राहू दिला. कालवं मरताहेत हे मला दिसत होतं, बुवांच्या शेडमध्ये बसूनच दिसत होतं. तुम्ही विचाराल, मग पान बहिणीकडे कशाला पाठवलंस, ती तर पकडेल. आत्ता इथं उभी राहीपर्यंत मी हेच सांगणार होते, की तिनं पकडावं म्हणून पाठवलं. ते खरं नाही. इतकी वर्षं ती मी दिलेल्या कागदावर न वाचता सही करत आली, म्हणून पाठवलं.”